उभी बाटली

न्यूनेन,
९ ऑक्टोबर २००५

आदरणीय उल्हासकाका,

नमस्कार. तुमच्या घरात राहायला येऊन आठवडा झाला. किल्ली शेजारच्या डच योकेबाईंकडून घेतली. तुम्ही सांगितलंत म्हणून ई-मेल न करता हे पत्र तुमच्या पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे.

महाराष्ट्र मंडळात तुमची ओळख करून देताना सगळे म्हणाले होते, "उल्हासच्या घरात राहायचं म्हणजे त्याच्या वाइनच्या घरात राहायचं." आता त्याचा अर्थ कळला. या ओळीतल्या प्रत्येक घरात जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनर आणि बटाट्याची पिशवी असते. योकेबाईंनी त्यांचं मुद्दाम उघडून दाखवलं. तुमचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र माझ्या पलंगाखाली आहे.

कपाटात वाकून शिरले. जिना जसा उतरत जातो तशी तुमची मांडणीही उतरत जाते, आणि शेवटच्या पायरीखाली फक्त एक बाटली मावेल एवढीच जागा उरते. इतक्या लहान जागेचा इतका विचार कुणी केलेला मी पाहिला नव्हता. हीटिंगची नळी आतून जाते तिला जुनी इरकल साडी गुंडाळलेली आहे, ती काकूंचीच असणार. तापमान चौदा अंश आहे. मी नवीन थर्मामीटर आणून आत टांगला आहे आणि रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी बघते. वाखनिंगनला दोन वर्षं अन्नशास्त्र शिकले त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

एक खरं सांगते. मी वाइन कधी प्यायलेली नाही. माझी आई पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये घडातले खराब मणी कात्रीने काढते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "शिकून शिकून दारूच्या गोदामाची राखण करायला लागलीस का गं?" तिला म्हटलं, आई, तुझ्याच द्राक्षांचं पुढे काय होतं ते बघते आहे.

दोन प्रश्न आहेत. बाटल्या अधूनमधून फिरवायच्या का? आणि स्वयंपाकघरात सगळं आहे, बूच काढायचा ओपनर तेवढा दिसला नाही. हरवला असेल तर आणून ठेवू का?

आपली,
सानिका


पुणे,
२१ ऑक्टोबर २००५

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून बरं वाटलं. एवढ्या बारकाईने बघणारं कुणी त्या घरात आहे, याचा आधार वाटतो.

बाटल्या फिरवायच्या नाहीत. हलवायच्याही नाहीत. आडव्या असल्या की वाइन बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं आणि हवा आत जात नाही. बाटली उभी राहिली की बूच सुकतं आणि सगळं संपतं. कपाटातला दिवा लावलास तर लगेच मालव. ओपनर हरवलेला नाही. मी घरात ठेवलाच नव्हता. हाताशी असला की हात राहत नाही. त्या बाटल्या मोठ्या प्रसंगासाठी आहेत.

साडी मृणालिनीचीच. तिला बाटली आडवी बघवत नसे. तिच्या माहेरी चिपळूणला माळ्यावर बरण्यांची रांग असायची, आणि आडवी बरणी म्हणजे सांडलेलं लोणचं. वर्षातून तीनचारदा ती एखादी बाटली काढून कपाटाच्या तोंडाशी उभी करून ठेवायची. मी काही न बोलता ती परत आडवी करायचो. अकरा वर्षं आमचं हे चाललं. पाहुण्यांना मी सांगायचो, "आमच्याकडे वाइन आणि लोणचं एकाच खात्यात आहे." ती हसायची. ती जाऊन येत्या जानेवारीत एक वर्ष होईल.

पत्र का, तेही सांगतो. माझी मुलगी सुचेता माझा मेल बघते, बिलं वगैरे तीच भरते. न्यूनेनचं घर विकून टाका, असं तिचं म्हणणं आहे. तिला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे आणि आई नाही म्हणून मी तिच्याजवळ असावं, एवढ्यासाठी मी इथल्या ऑफिसात बदली घेतली. तिचं चुकत नाही. पण घराबद्दल माझं अजून ठरत नाही. तिथलं कुशल तू कळवत राहा.

तुझा,
उल्हासकाका


न्यूनेन,
२ नोव्हेंबर २००५

आदरणीय काका,

दिवाळीच्या शुभेच्छा. मी काल एकटीनेच लक्ष्मीपूजन केलं आणि योकेबाईंना चिवडा नेऊन दिला.

एक गोष्ट विचारायची आहे. परवा सकाळी तापमान बघायला कपाट उघडलं तर एक बाटली कपाटाच्या तोंडाशी जमिनीवर उभी होती. वरून तिसऱ्या ओळीतली. तिची जागा रिकामी होती. मी ती पुसून परत आडवी ठेवली.

मी काढलेली नाही. निदान मला तसं आठवत नाही. नवीन नोकरी आहे, डोकं ठिकाणावर नसतं, तेव्हा झोपेत उठून मीच केलं असेल, असं धरून चालते आहे. पण दुसऱ्या कुणाकडे किल्ली आहे का? योकेबाई नाही म्हणाल्या.

तापमान साडेतेरा.

सानिका


पुणे,
१४ नोव्हेंबर २००५

चि. सानिका,

दुसऱ्या कुणाकडे किल्ली नाही.

तू चेष्टा करत नाहीस ना? मी रागावणार नाही. माझ्या पत्रातलं वाचून गंमत केली असशील तर तसं सांग.

नसशील तर एवढं आठवून लिही. लेबल कुठल्या बाजूला होतं? भिंतीकडे की दाराकडे? मृणालिनी लेबल नेहमी दाराकडे करायची, म्हणजे दार उघडल्याबरोबर समोर यावं. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, तुलाही नाही.

पुन्हा झालं तर आडवी करू नकोस. तशीच राहू दे आणि मला कळव.

उल्हासकाका


न्यूनेन,
१८ डिसेंबर २००५

काका,

मी चेष्टा करत नाही. आजवर कुणाची केलेली नाही, मला जमतही नाही. लेबल दाराकडे होतं.

तुमचं पत्र आल्यावर मी ठरवलं की घाबरायचं नाही, तपासायचं. मी आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी आहे. मीच घाबरले तर आईला काय सांगू? मंडळाच्या दिवाळीतली रांगोळी उरली होती. ती चाळणीने कपाटाच्या सगळ्या जमिनीवर पातळ पसरली. कुणीही पाऊल टाकलं, मी स्वतः झोपेत टाकलं, तरी उमटेल. दाराला बाहेरून दोरा बांधला. रोज सकाळी दोरा सोडायचा, दारातूनच आत बघायचं, पुन्हा बांधायचा. तीन आठवडे काही झालं नाही. मी स्वतःवरच खूश होते.

परवा, म्हणजे सोळा तारखेला सकाळी, दोरा जसाच्या तसा होता. दार उघडलं. बाटली समोर उभी, लेबल माझ्याकडे. रांगोळीवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

मी बाटली उचलून पाहिली. तिच्याखाली रांगोळी नव्हती. स्वच्छ गोल फरशी होती. म्हणजे मी रांगोळी पसरली तेव्हा बाटली तिथे आधीच उभी होती, असं दिसत होतं. पण काका, तेव्हा तिथे काही नव्हतं. तीन आठवडे मी रोज ती मोकळी जमीन बघत होते.

नळीवरच्या साडीला हात लावला. हीटिंग चालू होतं, पण साडी गार होती. बाहेरून आलेल्या माणसाचे हात असतात तशी. मग मी दार लावलं आणि सायकल काढून ऑफिसला गेले.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाटली तशीच उभी ठेवली आहे. मला शास्त्र थोडं येतं. यातलं काही येत नाही.

सानिका


पुणे,
२ जानेवारी २००६

चि. सानिका,

सतरा डिसेंबर हा मृणालिनीचा वाढदिवस.

ती तिथे आहे. मी तिला त्या घरात एकटी सोडून आलो. हिवाळ्यात तिचं दुखणं कळलं आणि हिवाळ्यातच ती गेली. मला तिथे जेवण जाईना, म्हणून बदलीचं निमित्त धरून मी पळून आलो, आणि ती मात्र आपला रोजचा वाद घालायला कपाटात बसून राहिली आहे. आडवी करायला समोर कुणी नसताना ती बाटली उभी करते आहे. तुला हे कसं वाटत असेल ते मला कळतं. मला मात्र वर्षभरात पहिल्यांदा नीट झोप लागली.

मी राजीनामा दिला आहे. तीन मार्चचं तिकीट काढलं आहे. यापुढे तिथेच राहायचं. तू वरच्या खोलीत हवं तितके दिवस राहा, तुझी अडचण नाही.

सुचेताला अजून सांगितलेलं नाही. तिच्या सासूबाई बाळंतपणाला येणार आहेत, त्यामुळे माझ्यावाचून तिचं अडणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी सांगेन. तूही मंडळात कुणाकडे बोलू नकोस.

उल्हासकाका


पुणे,
२८ जानेवारी २००६

सानिका,

तुझं पंधरा तारखेचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि फाडून टाकलं.

"मेलेल्या माणसाजवळ राहायला जिवंत मुलीला सोडून येऊ नका," असं तू लिहितेस. असं वाक्य लिहायला तुझ्या वयाला फार सोपं जातं. मी सुचेताला सोडत नाही. तिच्याजवळ तिचा नवरा आहे, सासू आहे, अख्खं पुणं आहे. मृणालिनीजवळ कोण आहे?

माझ्या घरात मी कधी यायचं ते मी ठरवेन. तू तापमान बघ.

उल्हास


न्यूनेन,
२३ फेब्रुवारी २००६

आदरणीय काका,

तुम्ही रागावलात तरी हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागते. तुम्ही निघण्याआधी ते पोचावं म्हणून आजच टाकते आहे. फोन चार वेळा हातात घेतला, पण हे फोनवर सांगता येणार नाही.

काल सकाळी डिसेंबरातल्या बाटलीशेजारी आणखी एक बाटली उभी होती. या वेळी शेवटच्या पायरीखालची, एकटी असते ती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या तुमच्या यादीप्रमाणे सगळ्यात जुनी. मी कॅलेंडर काढून बसले. दिवाळीच्या आदल्या दिवशी एक. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी एक. मग काल आदला दिवस असेल तर आज काय आहे? मला काही सापडलं नाही. म्हणून संध्याकाळी ऑफिसातून परत आले ती थेट योकेबाईंकडे गेले.

त्यांच्या संडासात, सगळ्या डच घरांत असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यात डिसेंबरच्या पानावर काकूंचं नाव अजून आहे. फेब्रुवारीच्या पानावर त्यांच्या एका भाच्याशिवाय कुणी नव्हतं. बाहेर येऊन विचारलं, "आज तेवीस तारीख. आज मृणालिनीकाकूंचं काही असायचं का?"

"आज? नाही," त्या म्हणाल्या. "का, पुन्हा उभी आहे?"

मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं, काका. मी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांनी दुसरं बिस्किट पुढे केलं. दुसरं बिस्किट त्या सहसा देत नाहीत.

"त्या बाटल्या उभ्या का करायच्या हे तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं. "काका सांगतात, माहेरच्या लोणच्याच्या सवयीने."

"लोणचं?" त्या म्हणाल्या. "कसलं लोणचं? गावातल्या वाइनच्या दुकानात आम्ही दोघी बरोबर गेलो होतो. तिने त्या माणसाला विचारलं, नवऱ्याने जपून ठेवलेली जुनी वाइन प्यायची असेल तर काय करायचं? तो म्हणाला, आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. नाहीतर सगळी गढूळ होते."

मग त्यांनी खण उघडून एक ओपनर काढला. लाकडी मुठीचा. "दिवाळी असो, वाढदिवस असो, लग्नाचा वाढदिवस असो, आदल्या दिवशी ती हा माझ्याकडून घेऊन जायची. म्हणायची, योके, उद्या तो उघडणार आहे. आणि दोन दिवसांनी परत आणून द्यायची. धुऊन, पुसून. न वापरलेली वस्तू कुणी धुतं का? मी एकदा तसं बोलले. तर म्हणाली, आमच्यात परत देताना धुऊन देतात."

गाळ तळाशी बसायला किती वेळ लागतो याचं गणित मी वाखनिंगनला परीक्षेत सोडवलं आहे. पूर्ण गुण मिळाले होते. आणि चार महिने मी ती बाटली बघत होते.

काका, त्या वाद घालत नव्हत्या. त्यांना बाटली कशी ठेवायची ते नीट माहीत होतं. त्या तुम्हाला काही न मागता मागत होत्या, आणि तुम्ही दर वेळी ती आडवी करत होतात. आत्ताही त्या तुम्हाला इकडे बोलावत नाहीत. आदल्या दिवशी तयारी करून ठेवतात, एवढंच.

आज काय आहे ते मात्र मला कळलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा. बाटली उभीच आहे.

सानिका


पुणे,
७ मार्च २००६

चि. सानिका,

तुझं पत्र काल मिळालं. ऑफिसात आता माझं काही काम नाही, पण शिपायाने जपून ठेवलं होतं.

तेवीस फेब्रुवारीला सकाळी सुचेताला मुलगी झाली. सात आठवडे आधी. बावीस तारखेला संध्याकाळी ती व्यवस्थित जेवली होती, माझ्या आमटीला नावं ठेवत होती. डॉक्टरांना कल्पना नव्हती, तिला नव्हती, कुणालाच नव्हती. पहाटे एकदम धावपळ झाली. तिचा नवरा बंगळुरूला, सासूबाई अजून यायच्या होत्या. घरात मी एकटाच. माझी न्यूनेनची बॅग भरून पलंगाखाली तयार होती, तीच उचलली आणि गाडीत टाकली. हॉस्पिटलमध्ये सुचेताला थंडी वाजायला लागली तेव्हा ती उघडली. वरच मृणालिनीची शाल होती. ती तिच्या पायांवर घातली. ती म्हणाली, "बाबा, ही कशी काय आणलीत? तुम्हाला कसं सुचलं?" मी शाल तिच्या पायांखाली नीट खोचली. तिकीट त्याच दिवशी रद्द केलं.

बाळ काचेच्या पेटीत आहे. माझ्या तळहाताएवढी पाठ आहे तिची. पेटीला दोन गोल भोकं आहेत, त्यातून हात घालून बोट तिच्या मुठीत द्यायचं. ती धरते. डॉक्टर म्हणतात, वजन वाढलं की घरी नेता येईल. कधी ते कुणी सांगत नाही. मी विचारणंही सोडलं आहे.

तुझ्या पत्रातली तारीख पुन्हा पुन्हा बघतो. बावीस.

बाटली उघड. मी म्हणतो म्हणून उघड. योकेकडून तोच ओपनर घे. मृणालिनीसाठी एक ग्लास ठेव. चव कशी आहे ते लिही, बरी नसली तरी खरं लिही. बाकीच्या बाटल्या पाडव्याला मंडळात ने, सगळ्या. घराचं काय करायचं ते सुचेता ठरवेल.

एक मात्र ठेव. वरच्या ओळीतली डावीकडची. ती बाळासाठी. अठरा वर्षांची झाली की उघडू. ती आडवी ठेव.

तुझं ते फाडलेलं पत्र मला पाठ आहे.

तुझा,
उल्हासकाका


न्यूनेन,
१९ मार्च २००६

ती. काका,

बाळाची बातमी वाचून योकेबाईंनी त्यांच्या कॅलेंडरात तेवीस फेब्रुवारीवर फुली मारली आहे. नाव कळलं की लिहिणार आहेत.

आम्ही बाटली उघडली. बूच अर्धं तुटलं, उरलेलं योकेबाईंनी सुरीने काढलं. सावकाश ओतली, गाळ तळाशीच राहिला. रंग लाल नव्हता, विटकरी झाला होता. खरं लिही म्हणालात म्हणून लिहिते. पहिला घोट घेतला तर आधी काहीच लागलं नाही, जुन्या लाकडासारखं काहीतरी. मग मागून मनुका आल्या. आमच्या पॅकहाउसमध्ये संध्याकाळी, खोकी निघून गेल्यावर, फरशीवर गळलेल्या मण्यांचा एक वास येतो. आईच्या पदराला तो रोज असायचा. तो वास मला न्यूनेनमध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं. योकेबाईंनी ग्लास उजेडाकडे धरला. मग म्हणाल्या, "दहा वर्षांपूर्वी ही फार सुंदर असणार." आणि थोड्या वेळाने, "पण अजून आहे."

काकूंचा ग्लास कपाटाच्या तोंडाशी ठेवला होता. सकाळी तो तसाच होता, भरलेला. मी तो बागेत ओतला आणि धुऊन ठेवला.

मंडळासाठी बाटल्या खोक्यांत भरल्या. कपाट आता जवळजवळ रिकामं आहे. वरच्या ओळीतली डावीकडची तेवढी ठेवली, बाळासाठी, आडवी, तुम्ही सांगितलंत तशी. नळीवरची साडी काढावी म्हणून हात लावला, तर ती ऊबदार होती. म्हणून राहू दिली.

काका, आज सकाळी ती बाटली उभी होती. लेबल दाराकडे.

मी आडवी केलेली नाही. अठरा वर्षं थांबायचं त्यांच्या मनात दिसत नाही. उद्या वीस तारीख. तिकडे उद्या काय आहे ते मला माहीत नाही, आणि हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्हाला ते कळून बरेच दिवस झालेले असतील. फोन करून विचारणार नाही. आजवर त्यांनी एकदाही वाईट दिवसासाठी बाटली काढलेली नाही, एवढं मला पुरे आहे.

योकेबाईंकडून ओपनर आणून ठेवला आहे.

तुमची,
सानिका